यंत्राचे वाक्यपृथक्करण

व्याकरणाच्या तासाला ‘पुढील वाक्याचे पृथक्करण करा’ असा प्रश्न आला की वर्गातील पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘शेजारच्या गोविंदाने काल आमच्या बागेतील पिकलेले आंबे तोडले’ हे वाक्य घ्या. गोविंदाने हे उद्देश्य, तोडले हे विधेय, आंबे हे कर्म, आणि उरलेले शब्द कोणाचे ना कोणाचे विस्तार. एवढे मांडले की गुण मिळतात. परंतु हे पृथक्करण आपण कशाच्या बळावर करतो, याचा विचार सहसा होत नाही. गोविंदा हा तोडणारा असतो, आंबा हा तोडला जाणारा असतो, हे आपणांस आधीच ठाऊक असते. अर्थ कळतो म्हणून रचना कळते.

आता अशी कल्पना करा, की पृथक्करण करणाऱ्याला अर्थाचा गंधही नाही. आंबा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, गोविंदाची ओळख नाही; आणि तरीही त्याने एकही चूक न करता वाक्याची रचना सांगावयाची आहे. हे अशक्य वाटेल. पण संगणक हे काम अहोरात्र करीत असतो. आपण त्याला एखाद्या संगणकभाषेत जी आज्ञावली लिहून देतो, ती त्याच्या यंत्रभाषेत उतरविण्यापूर्वी अनुवादकाला (हा अनुवादक म्हणजेही एक आज्ञावलीच) प्रत्येक विधानाचे पृथक्करण करावे लागते. हे काम बिनचूक करण्याचा एक सुंदर मार्ग म्हणजे कोष्टक. गेल्या वर्षीच्या विज्ञानप्रदर्शनात आम्ही दहावीच्या तिघांनी असे एक कोष्टक पुठ्ठ्यावर मांडले होते. त्या कोष्टकाने आम्हांस जो धडा शिकविला तो सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

संगणकभाषा म्हटली की पुष्कळ आज्ञा आल्या. आम्ही तिचा एक लहानसा तुकडा निवडला. तो म्हणजे आपणा सर्वांच्या परिचयाची अंकगणितातील पदावली. २ + ३ × ४ याचे उत्तर किती? घाईने सोडविणारा २० म्हणेल. ‘कंचेभागुबेव’ ज्याला पाठ आहे तो १४ म्हणेल. गुणाकार आधी, बेरीज मागाहून, हा येथील संकेत आहे. तो संकेत यंत्राला कसा सांगावा, हा आमच्यापुढील प्रश्न होता.

प्रथम व्याकरण लिहावे लागते. आपण बीजगणितात शिकतो की पदावली ही पदांची बनते आणि पद हे अवयवांचे बनते. बेरजेच्या चिन्हाने पदे जोडली जातात, गुणाकाराच्या चिन्हाने अवयव जोडले जातात. अवयव म्हणजे एक तर साधा अंक, नाहीतर कंसात बसविलेली दुसरी पदावली. इतके बोलून झाले की व्याकरण जवळजवळ तयार झाले. ते नियमांत बांधले ते असे. यात बाणाच्या डावीकडील संज्ञेच्या जागी उजवीकडील मजकूर ठेवावयाचा, आणि ‘रिक्त’ म्हणजे काहीच ठेवावयाचे नाही.

१. पदावली → पद पदावलीशेष
२. पदावलीशेष → + पद पदावलीशेष
३. पदावलीशेष → रिक्त
४. पद → अवयव पदशेष
५. पदशेष → × अवयव पदशेष
६. पदशेष → रिक्त
७. अवयव → अंक
८. अवयव → ( पदावली )

‘पदावलीशेष’ व ‘पदशेष’ ही नावे पाहून वाचक थबकतील. ‘पदावली म्हणजे पदावली + पद’ असे सरळ का लिहिले नाही? लिहिता आले असते, आणि माणसाला ते समजलेही असते. पण यंत्राचे काय होते पाहा. पदावली ओळखावयाची तर आधी पदावली ओळखली पाहिजे, आणि ती ओळखण्यासाठी पुन्हा पदावलीच! ‘मारुतीचे देऊळ कोठे?’ तर ‘पाराशेजारी’, ‘पार कोठे?’ तर ‘मारुतीच्या देवळाशेजारी’. असे उत्तर मिळालेला परका मनुष्य जन्मभर फिरत राहील. म्हणून नियम असे फिरवून घ्यावे लागतात की प्रत्येक नियमाने काहीतरी नवे हाती द्यावे. आधी एक पद घ्या, मग जे उरेल ते ‘शेष’. त्या शेषात पुढे बेरजेचे चिन्ह असेल तर आणखी एक पद घ्या, नसेल तर काहीच घेऊ नका.

नियम लिहिण्याच्या या पद्धतीला इतिहास आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली फोर्ट्रान या भाषेचा अनुवादक तयार झाला. त्यास अठरा मनुष्यवर्षांचे श्रम लागले असे संगणकशास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेले असते. म्हणजे एकट्या माणसाने ते काम हाती घेतले असते तर त्याची अठरा वर्षे त्यात गेली असती. भाषेचे नियम आणि ते राबविण्याची कृती यांची सरमिसळ असली की काम असे वाढते. पुढे १९५९ साली बॅकस यांनी भाषेची रचना नेमक्या नियमांत मांडण्याची एक लेखनपद्धती सुचविली, आणि १९६० साली पीटर नाउर यांनी संपादिलेल्या अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात ती सुधारून वापरली गेली. या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेची रचना बांधणाऱ्या पाणिनीचे नाव तेथे निघाले, याचा आपणांस आनंद वाटणे साहजिक आहे. तथापि बॅकस यांनी ही कल्पना पाणिनीवरून घेतली असा याचा अर्थ नव्हे. दोन दूरच्या काळांतील माणसे एकाच प्रकारच्या अडचणीतून एकाच प्रकारच्या वाटेवर आली, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि तोही काही लहान नाही.

नियम झाले, आता कोष्टक. कोष्टकाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एक संज्ञा असते, आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर पुढे येऊ शकणारे एक चिन्ह असते. मजकूर संपल्याची खूण म्हणून आम्ही ॥ हे चिन्ह घेतले. ‘ही संज्ञा ओळखावयाची आहे आणि समोर हे चिन्ह आहे, तर कोणता नियम लावावा?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दोघांच्या छेदावरील घरात लिहिलेले असते.

संज्ञा | अंक | + | × | ( | ) | ॥
पदावली | १ | – | – | १ | – | –
पदावलीशेष | – | २ | – | – | ३ | ३
पद | ४ | – | – | ४ | – | –
पदशेष | – | ६ | ५ | – | ६ | ६
अवयव | ७ | – | – | ८ | – | –

घरे एकंदर तीस. त्यांपैकी तेरा भरलेली, सतरा रिकामी. ही घरे अंदाजाने भरावयाची नसतात. प्रत्येक नियमाविषयी पहिला प्रश्न असा विचारावयाचा: या नियमाने बनलेल्या मजकुराचा आरंभ कोणकोणत्या चिन्हांनी होऊ शकतो? अवयवाचा आरंभ अंकाने किंवा उघडणाऱ्या कंसाने होतो. पद अवयवापासून सुरू होते आणि पदावली पदापासून. म्हणून त्यांचेही आरंभ तेच. दुसरा प्रश्न फक्त रिक्त नियमांसाठी: ही संज्ञा संपल्यावर तिच्या मागोमाग कोणती चिन्हे येऊ शकतात? पदावली संपली की एक तर मजकूर संपतो, नाहीतर मिटणारा कंस येतो. पद संपले की बेरजेचे चिन्ह येऊ शकते. आणि पदावलीतील शेवटचे पद असेल तर पदावलीनंतर जे येते तेच त्याच्याही नंतर येते. या दोन प्रश्नांची उत्तरे नीट काढली की सगळी घरे आपोआप भरतात. वाचकांनी वरील वाक्य ध्यानात ठेवावे; आमची फजिती त्याच वाक्यात झाली.

कोष्टक वापरणाऱ्याजवळ आणखी एक साधन लागते. आजीच्या माजघरात मडक्यांची उतरंड असे. मडके ठेवावयाचे तर सर्वांत वर, काढावयाचे तर तेही सर्वांत वरचे. अगदी तशीच, परंतु पत्त्यांची, उतरंड येथे असते. जे ओळखावयाचे बाकी आहे ते या उतरंडीवर ठेवलेले असते. पदावलीच्या पोटात कंस, कंसाच्या पोटात पुन्हा पदावली, असा प्रकार असताना अर्धवट राहिलेले काम कोठे थांबले होते हे उतरंड विसरत नाही. म्युनिक येथील फ्रीडरिश बावर व क्लाउस सामेल्सन यांनी १९५७ साली या युक्तीच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला होता, आणि त्यांनी तिला ‘तळघर’ असे नाव दिले होते. त्यांना तळघर सुचले, आम्हांस उतरंड. ज्याच्या घरी जे!

आता काम करणाऱ्यास द्यावयाच्या सूचना पाहा. त्या चारच आहेत.

एक: उतरंडीच्या माथ्यावर चिन्ह असेल आणि मजकुरातही पुढे तेच चिन्ह असेल, तर दोन्ही काढून टाका. दोन: माथ्यावर चिन्ह आहे पण मजकुरात निराळेच आहे, तर ‘चूक’ म्हणून थांबा. तीन: माथ्यावर संज्ञा असेल तर कोष्टकात पाहा. घरात नियम असेल तर ती संज्ञा काढून नियमाची उजवी बाजू उतरंडीवर ठेवा, मात्र अशी की तिच्यातील पहिली गोष्ट सर्वांत वर येईल. नियम रिक्त असेल तर संज्ञा नुसती काढून टाका. घर रिकामे असेल तर ‘चूक’ म्हणून थांबा. चार: दोन्हीकडे केवळ ॥ उरले, तर ‘शुद्ध’ म्हणून थांबा.

या सूचनांत बेरीज नाही, गुणाकार नाही, कंसही नाही. जी काही विद्या आहे ती सर्व कोष्टकात आहे; काम करणाऱ्याने फक्त पाहावयाचे, काढावयाचे आणि ठेवावयाचे.

२ + ३ × ४ ॥ हा मजकूर घेऊन पाहू. उतरंडीच्या तळाशी ॥ आणि त्यावर पदावली. पुढे अंक दिसतो. कोष्टक म्हणते, नियम १. पदावली गेली, तिच्या जागी पदावलीशेष आणि त्याच्या वर पद आले. पद आणि अंक: नियम ४. पद गेले, पदशेष आणि त्याच्या वर अवयव आला. अवयव आणि अंक: नियम ७. माथ्यावर अंक आला, मजकुरातही अंक, दोन्ही गेले. २ ओळखला गेला. आता माथ्यावर पदशेष आणि समोर बेरजेचे चिन्ह: नियम ६, म्हणजे रिक्त. पहिले पद येथे संपले! पदावलीशेष आणि बेरीज: नियम २. बेरजेचे चिन्ह जुळले व गेले. पुन्हा पद, पुन्हा नियम ४ आणि ७, आणि ३ ओळखला गेला. आता माथ्यावर पदशेष, समोर गुणाकार: या वेळी मात्र नियम ५. पद अजून संपलेले नाही! गुणाकाराचे चिन्ह जुळले, नियम ७ ने ४ जुळला, मग समोर ॥ दिसताच नियम ६ आणि नियम ३ यांनी दोन्ही शेष मिटले. कोष्टकात अकरा वेळा पाहावे लागले आणि पाच चिन्हे जुळली. निकाल: शुद्ध.

येथे काय घडले ते ध्यानात घ्यावे. ३ आणि ४ हे एकाच पदाच्या पोटात गेले, २ मात्र वेगळ्या पदात राहिला. म्हणजे ‘गुणाकार आधी’ हा संकेत कोणीही शब्दांनी सांगितला नसताना रचनेत उमटला. पदशेषासमोर बेरीज आली तर पद संपवावे आणि गुणाकार आला तर चालू ठेवावे, एवढ्या दोन घरांत ‘कंचेभागुबेव’मधील गुणाकार-बेरजेचा क्रम सामावला. अर्थात् यंत्राने अद्याप उत्तर काढलेले नाही. त्याने फक्त कोणाचे नाते कोणाशी आहे हे सांगितले. पण नाते कळल्यावर हिशेब करणे सोपे असते.

प्रदर्शनात हे काम करण्यासाठी आम्ही पाचवीतील एका मुलास बसविले होते. हेतू असा, की पदावली न शिकलेला मुलगाही हे करू शकतो हे लोकांस दिसावे. त्याच्यापुढे पुठ्ठ्यावरील कोष्टक, डाव्या हाताला पत्त्यांची उतरंड आणि उजव्या हाताला मजकूर. तो चार सूचना पाठ करून आला होता. सकाळभर लोक पदावल्या देत होते आणि तो न चुकता ‘शुद्ध’ किंवा ‘चूक’ सांगत होता. कोणी मुद्दाम २ + × ४ असे दिले, तर बेरीज जुळवून तो गुणाकाराच्या चिन्हावर थांबे. कारण माथ्यावर पद, समोर गुणाकार, आणि घर रिकामे. इतकेच नव्हे, तर पदाच्या ओळीत कोणती घरे भरलेली आहेत ते वाचून तो सांगे, ‘येथे अंक किंवा उघडणारा कंस हवा होता.’ आज्ञावली लिहिताना चुकले म्हणजे संगणक ओळीच्या क्रमांकासह जी सूचना देतो, तिचे मूळ पुष्कळदा अशाच एखाद्या ओळीत असते. रिकामी घरे निरुपयोगी नसतात. चूक कोठे झाली हे तीच दाखवितात.

दुपारी एका पालकांनी ( २ + ३ ) × ४ ही पदावली दिली. मुलाने कंस जुळविला, २ जुळविला, बेरीज जुळविली, ३ जुळविला आणि तो थांबला. ‘दादा, घर रिकामे आहे. चूक,’ तो म्हणाला.

पदावली तर उघड शुद्ध होती. समोर दहाबारा माणसे उभी. आमच्यापैकी एक जण हसून म्हणाला, ‘लहान आहे, दमला असेल, कोठेतरी ओळ चुकला.’ मुलाने पुन्हा पहिल्यापासून पत्ते मांडले. पुन्हा तेथेच थांबला. ‘पदशेष आहे आणि मिटणारा कंस आहे. घर रिकामेच आहे, दादा,’ तो हळूच म्हणाला. आम्ही त्याला उठविले आणि स्वतः बसून उत्तर सांगितले. अर्थात् कोष्टक न पाहता, डोक्यातून. तो मुलगा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सायंकाळी पुठ्ठा घेऊन आम्ही बसलो तेव्हा कळले, की तो दोन्ही वेळा बरोबर होता. पदशेषाच्या ओळीत मिटणाऱ्या कंसाच्या स्तंभाखाली ६ हा अंक लिहावयास आम्ही विसरलो होतो. मिटणारा कंस पदावलीच्या मागोमाग येतो हे आम्हांस ठाऊक होते, म्हणून पदावलीशेषाचे घर भरले होते. पण पदावलीचा शेवट तोच तिच्यातील शेवटच्या पदाचाही शेवट, हे ध्यानात आले नाही. आमच्या कोष्टकात तेराऐवजी बाराच घरे भरलेली होती. सकाळपासून कंसाची पदावली कोणी दिली नव्हती, म्हणून उणीव झाकून राहिली एवढेच.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर ६ लिहिला, मुलास पुन्हा त्याच्या जागी बसविले, आणि आलेल्या लोकांस आदल्या दिवशी चूक कोणाची होती ते सांगितले. सांगताना मान खाली गेली हे खोटे कशाला म्हणा! पण त्याच वेळी कोष्टकाचे खरे मोल आमच्या ध्यानात आले. हेच नियम जर आम्ही डोक्यात ठेवून, ‘असे असेल तर तसे कर’ अशा पन्नास तोंडी सूचना देऊन राबविले असते, तर चूक कोणाची आणि कोठली हे कधीच ठरले नसते. दोष नेहमी काम करणाऱ्यावर, आणि तोही लहान असल्यास अधिकच लवकर, गेला असता. ज्ञान एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी केली होती म्हणूनच एका घरावर बोट ठेवून ‘चूक येथे आहे’ असे म्हणता आले. आणि दुरुस्तीसाठी एक अंक लिहिणे पुरले. काम करणाऱ्यास नवी कोणतीही सूचना द्यावी लागली नाही.

हाच लाभ भाषा वाढविताना होतो. या पदावलीत वजाबाकी आणावयाची आहे असे समजा. ‘पदावलीशेष → − पद पदावलीशेष’ असा नववा नियम लिहावयाचा, कोष्टकास एक स्तंभ जोडावयाचा, आणि त्यात दोन घरे भरावयाची: पदावलीशेषाच्या ओळीत ९, पदशेषाच्या ओळीत ६. चार सूचना जशाच्या तशा राहतात.

कोष्टक आणखी एक उपकार करते. ते भाषेतील संदिग्धता उघडी पाडते. वडील सांगून गेले, ‘जर पाऊस थांबला तर, जर काका आले तर, बाजारात जा, नाहीतर अभ्यासाला बस.’ आता पाऊस थांबला पण काका आले नाहीत, तर काय करावे? आणि पाऊसच थांबला नाही तर? हे ‘नाहीतर’ पहिल्या ‘जर’चे की दुसऱ्याचे? माणसे असे बोलून जातात आणि निभावतेही. पण कोष्टकाच्या ‘नाहीतर’ या स्तंभाखाली एकाच घरात दोन नियम येऊन बसतात. एक म्हणतो, ‘नाहीतर’ आतल्या ‘जर’ला जोडा, दुसरा म्हणतो, आतले विधान येथेच संपवा. एका घरात दोन बिऱ्हाडे झाली की भाषा रचणाऱ्यास निर्णय घ्यावाच लागतो. अल्गोल ६० च्या संदर्भात या प्रश्नाची बरीच चर्चा झाली. सी या भाषेत जवळच्या ‘जर’लाच ‘नाहीतर’ जोडावे असा संकेत ठरलेला आहे.

आम्ही सांगितलेली पद्धती वरून खाली जाणारी आहे. मोठ्या संज्ञेपासून चिन्हापर्यंत. तिच्या कोष्टकाचे शास्त्र फिलिप लुईस व रिचर्ड स्टर्न्स यांनी १९६८ साली नेमकेपणाने मांडले. याच्या उलट, चिन्हे गोळा करीत खालून वर जाणारी पद्धती डोनाल्ड नुथ यांनी १९६५ साली सिद्ध केली. तिच्यात अधिक प्रकारची व्याकरणे बसतात, परंतु कोष्टके इतकी मोठी होतात की ती हाताने भरण्याच्या भरीस कोणी पडत नाही. म्हणून कोष्टक भरण्याचे कामही यंत्रावरच सोपविण्यात आले. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांची ‘याक’ ही आज्ञावली १९७५ साली प्रसिद्धीस आली. तिला व्याकरण द्यावे आणि तिने कोष्टक करून द्यावे. एका घरात दोन नियम आले तर ती तसे बजावतेही.

मोठ्या भाषांचे अनुवादक आज पुष्कळदा कोष्टकाऐवजी हाताने लिहिलेल्या पृथक्करणावर चालतात, कारण त्यात चुकीच्या सूचना अधिक सविस्तर देता येतात. शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेत मात्र पुढचे एकच चिन्ह पाहून चालणारी, नियमांवरून केलेल्या कोष्टकांवर आधारलेली पद्धती आरंभापासून जवळजवळ तीस वर्षे नांदली. २०२० साली निघालेल्या ३.९ या आवृत्तीत तिची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. म्हणजे पुठ्ठ्यावरील आमच्या कोष्टकाचे थोरले भावंड कालपरवापर्यंत जगभर राबत होते.

शेवटी एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. आम्ही बडोद्याची मुले. घरी मराठी, बाजारात गुजराती, आणि संगणकापुढे बसलो की इंग्रजी, असा आमचा दिनक्रम. संगणकाचे अंतरंग इंग्रजीवाचून कळावयाचे नाही, अशी एक धास्ती आमच्या मनात होती. पुढील शिक्षणास इंग्रजी लागेल हे खरेच आहे. पण वरील कोष्टकात ‘अवयव’ लिहिले काय आणि दुसऱ्या भाषेतील शब्द लिहिला काय, घरातील नियम बदलत नाही. ते भरण्यासाठी लागतो तो काळजीपूर्वक विचार, आणि तो आम्ही आमच्या भाषेत केला. चुकलो तेही त्याच भाषेत, आणि चूक सापडली तीही त्याच भाषेत.

तो पुठ्ठा अजून प्रयोगशाळेत भिंतीला टेकून उभा आहे. त्यावरील पदशेषाच्या ओळीतला एक ६ इतर अंकांहून निराळ्या शाईत आहे. तो आम्ही लिहिला नाही. त्या पाचवीतल्या मुलाच्या हातून लिहवून घेतला. ज्या वाचकांस हौस असेल त्यांनी तेथे जाऊन एखादी पदावली त्यावर चालवून पाहावी, आणि कोठे घर रिकामे सापडून काम अडलेच, तर चालविणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी ते घर एकदा तपासावे.